तरलिका परीचा भाग दुसरा

तांडा, फुलसावंगीजवळ
१९ नोव्हेंबर १९६१

रजनीले जमनीचा रामराम.

तुह्या बाबाची बदली झाली, तू यवतमाळले गेली, तवापासून तुह्यं एकच पत्र आलं. त्यातलं बी अर्धं तुह्या नव्या शाळेच्या घंटीचं वर्णन. मी रागावली नाई. थोडीशीच रागावली.

जाताना तू मले परीचं पुस्तक देल्लं होतं ना, त्याच्यानं अठी भलताच घोळ झाला. आमच्या इथं वेचणी चालू हाय. दुपारून बाया वावरातून आल्या का आमच्या घरापुढच्या कडुलिंबाखाली बसून कापसातला कचरा काढतेत. एक दिवस मी तठी पुस्तक वाचत होती. दादी म्हणे, "छोरी, एकटीच काहून हासून राह्यली?" मंग मी मोठ्यानं वाचलं. डोळ्यानं मराठी वाचाची अन् तोंडानं आपली गोरबोली बोलाची. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बाया बी आपापला कापूस घेऊन तठीच आल्या. भुरीबाईनं तं तरलिकेसाठी रडून घेतलं.

पण शेवटी काय झालं, तुले मालूम हाय. कालजंभ जादूगारानं तरलिकेचे पंख तांब्याच्या घागरीत कोंबले, वरतून कुलूप लावलं, तिले गुहेत टाकलं. अन् खाली छापलं, 'पुढील हकिकत भाग दुसऱ्यात वाचा.'

दादी म्हणे, "वाच ना मंग."

मी म्हटलं, "नाई हाय."

"नाई कशी? पान पलटव."

पलटवलं. कोरं होतं. दादी एवढी तापली का हातातला कापूस फेकून देल्ला. "पोट्टीले अंधारात टाकून हा माणूस जेवाले उठून गेला का?" तिले लेखकाचं नाव पायजे होतं, शिव्या द्यासाठी. पण कव्हर तं तुह्या घरच्या उंदरानं खाल्लं.

म्हणून भाग दुसरा पाठव. लवकर.

आणखी एक. माह्या सगाईचं चालू हाय. आर्णीकडचा तांडा, पोरगा बाबुलाल. भावसिंगकाका, माह्या बापाचा मोठा भाऊ, आमच्या तांड्याचा नाईक, त्यानं शबद देऊन टाकला. उन्हाळ्यात लगन. मी याडीले म्हटलं, माय, मले आठवीत जाचं हाय. याडी म्हणे, सातवी झाली, आता का बालिस्टर होतं? बाजारात आठवीचं पुस्तक दिसलं होतं. हातात घेतलं अन् ठेवून देल्लं.

जाऊ दे. भाग दुसरा विसरू नको.

तुही जमनी


यवतमाळ
२७ नोव्हेंबर १९६१

प्रिय जमनी,

भाग दुसरा मिळाला!

दुकानात नाही, आमच्या वर्गातल्या एका मुलीकडे आहे. ती भारी चिकट आहे, पुस्तक घरी नेऊ देत नाही. मधल्या सुटीत एकेक प्रकरण वाचायला देते, तेही समोर उभी राहून. मी ते उतरवून तुला पाठवत जाईन. तिचं नाव विचारू नकोस, तिला ते आवडत नाही.

पहिलं प्रकरण सोबत आहे. गुहेत एक म्हातारं वटवाघूळ भेटतं आणि तरलिकेला सांगतं की घागरीचं कुलूप एका चावीने उघडत नाही, सात चाव्या लागतात. सातही चाव्या सात वेगवेगळ्या रानांत. मला तर वाचताना (म्हणजे उतरवताना) अंगावर काटा आला.

आता तुझ्या सगाईबद्दल. आई म्हणते, दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टीत बोलू नये. मी बोलत नाहीये, लिहितेय. सातवीत गणितात तुला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. मी आठवीत बसून चुकीची उत्तरं काढतेय आणि तू तिथे बसून कापसातला कचरा काढतेस. हा कुठला न्याय? मला इतका राग आला की त्या भरात एक पूर्ण प्रकरण लिहून झालं. उतरवून झालं.

दादीला नमस्कार सांग. आणि लेखकाला शिव्या देऊ नका म्हणावं. बिचारा कष्टाळू दिसतो.

तुझी,
रजनी


तांडा
१५ डिसेंबर १९६१

रजनीले रामराम.

वाचलं. वाघूळ सगळ्याईले आवडलं. फक्त दादीची एक तक्रार हाय. ती म्हणे, "पोट्टी कवापासून गुहेत पडली हाय. वाघूळ तिच्याशी एवढ्या गोष्टी करून राह्यलं, पण जेवली का म्हणून कोणी इचारलं का? शिकलेल्या लोकाईले भाकरीची आठवण नाई राहत." हे त्या चिकट मुलीले सांग, म्हणजे ती लेखकाले सांगंन.

आता खरी गंमत. परवा आर्णीचे पाहुणे तारीख काढाले आले. बाबुलालचा बाप, त्याचा मामा, अन् मांगं बाबुलाल, नवा सदरा घालून. बैठक आमच्या कडुलिंबाखालीच. आमची वाचाची वेळ झालेली. बाया कापूस घेऊन उभ्या, बसाव का नाई कोणाले समजेना. काका म्हणे, "आज वाचणं नाई, आज लगनाची तारीख हाय."

दादी म्हणे, "अन् मंग उद्या कोण वाचंन? ही छोरी गेल्यावर?"

काका हासला. "माय, गोष्टीसाठी लगन थांबते का कुठी?"

"तू वाचून दाखवतं का? वाच." अन् तिनं तुह्ये कागद काकाच्या हातात देल्ले.

काकाले बाजारातल्या पाट्या वाचता येतेत, त्या बी बोट लावून. त्यानं कागदाकडं पाह्यलं, कागदानं त्याच्याकडं पाह्यलं. दादीनं कागद परत घेतले अन् पाहुण्याईले सांगून टाकलं, "तरलिका गुहेतून बाहीर निंघू द्या. गोष्ट संपली का पोट्टी तुमची."

बाबुलालचा बाप हासला, पण पान खाल्लं नाई. तारीख न काढता गेले. बाबुलाल मात्र जाता जाता मले हळूच इचारते, "वाघूळ खरं बोलते का कालजंभाचा माणूस हाय?"

रजनी, मले एक सांग. तो भाग दुसरा जाड हाय का पातळ?

जाड असंन तं बरं.

जमनी


यवतमाळ
२२ डिसेंबर १९६१

प्रिय जमनी,

जाड! असा जाड की उशाला घेतला तर मान दुखेल! सात चाव्या, सात रानं, प्रत्येक रानात निदान चार संकटं. शिवाय मला वाटतं, मध्येच एखादी चावी खोटी निघायची शक्यता आहे.

आणि योगायोग बघ, दुसऱ्याच प्रकरणात लेखकाने तरलिकेला ज्वारीची भाकर आणि तिळाची चटणी वाढली आहे. दादीला सांग.

इकडे घरात माझी फार इज्जत वाढली आहे. बाबांना वाटतं मी निबंधांचा सराव करते. शाळा तपासायला जातात तिथे मास्तरांना सांगतात, "आमची रजनी रोज संध्याकाळी चार पानं लिहिते." आईला मात्र दौत इतक्या लवकर कशी रिकामी होते हे कळत नाही. ती दौत उलटी करून बघते, मग मला बघते.

प्रकरण दोन ते चार पाठवते आहे. सावकाश वाच. मध्ये खोकला काढ, पाणी पी. एक प्रकरण दोन दिवस पुरव.

तुझी,
रजनी


तांडा
३० जानेवारी १९६२

रजनीले रामराम.

तुह्यं पाकीट या खेपी लय उशिरा आलं. परीक्षा असंन. पण काम भागलं, चिंता करू नको.

आता ऐकाले माणसं बी येतेत. आंधी म्हणत, बायाईची गोष्ट हाय, आता बायाईच्या आंधी येऊन सावलीची जागा धरतेत. बाबुलाल दोनदा आर्णीहून काहीतरी निमित्त काढून आला. एकदा म्हणे बैल पाहाले आलतो. आमच्याकडं विकाऊ बैल नाई.

पण काका लय तापला हाय. आर्णीचा निरोप आला, "परी मोठी का नाईकाचा शबद मोठा?" तो निरोप त्याच्या मनाले लागला. काका म्हणे, "मी कापूस घेऊन यवतमाळले जाऊनच राह्यलो. दुकानातून तो भाग दुसराच घेऊन येतो, कोणा मास्तरले बसवतो अन् एका दिवसात वाचून संपवतो. मंग पाहू."

रजनी, त्या तुह्या चिकट मुलीचं नाव काय हाय थे आता तरी ठरवून ठेव.

जमनी


यवतमाळ
११ फेब्रुवारी १९६२

जमनी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. काका सोमवारीच येऊन गेले होते.

मी ओसरीवर बसून तरलिकेला चौथ्या रानात शिरवत होते. दारात पागोटं दिसलं. काकांनी जोडे काढले आणि बाबांना म्हणाले, "मास्तरसाहेब, रामराम. तुमच्या पोरीनं आमचा अख्खा तांडा येडा करून टाकला."

बाबांना वाटलं कौतुकच चाललंय. म्हणाले, "हो, रोज चार पानं लिहिते."

"थेच तं. मी दुकानात गेलतो. दुकानदार म्हणे, भाग दुसरा निंघालाच नाई. पह्यलाच खपला नाई, तं दुसरा कायले छापतीन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईने आतून दौतीकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. बाबांचा चेहरा असा झाला जसा एखाद्या शाळेत हजेरीपटावर शंभर आणि वर्गात तीन पोरं सापडावीत.

काका म्हणाले, "म्हणजे तरलिकेनं कालजंभाले वाळल्या भाकरीनं हाणलं, थे बी तूच लिहलं?"

"भाकरीने? नाही."

"अन् पैनगंगेले पूर आला तवा ती बकरीच्या पाठीवर बसून आली थे?"

"नाही, काका."

"अन् तिनं कालजंभाले इचारलं, तुले सातच्या पुढं मोजता येते का, अन् त्याले आलं नाई, तो रडला, थे?"

जमनी! 'काम भागलं' म्हणजे हे होतं तर! माझं पाकीट वेळेवर पोचलं नाही आणि तू कोऱ्या कागदावर बोट ठेवून बकरी आणलीस! माझा जळफळाट असा की काकांना ही सगळी तुझीच प्रकरणं तोंडपाठ. माझं चाव्यांचं वर्णन त्यांना एक ओळ आठवेना.

मग ते मुद्द्यावर आले. "हे पाय पोरी, मी शबद देल्ला हाय. होळीच्या आंधी गोष्ट संपली पायजे. नाईतं मी बुढीले सांगून टाकतो का पुस्तक-बिस्तक काही नाई. अन् शेवटी परीचं लगन लाव. परीचं लागलं का बायाईच्या मनात बी लगनच येईन."

बाबा म्हणाले, "नाईक, तिने सुरू केली, तीच संपवेल." मला हो म्हणावं लागलं.

फाटकापाशी मात्र काका परत वळले आणि हळूच म्हणाले, "लगन कोणाशी लावतं? त्या राजपुत्राशी? तो तं बावळट हाय."

ते गेल्यावर बाबांनी सगळे कच्चे कागद मागून घेतले आणि दुपारभर वाचले. शेवटी म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घ भयंकर आहे. ती बकरी कोणाची?" मी म्हटलं, जमनीची. ते म्हणाले, "आपली फुलसावंगीची जमनी? ती आठवीत का नाही?" आणि चष्मा काढून पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी ते मुलींच्या शाळेत जाऊन आले. जूनपासून वसतिगृहात जागा आहे, तांड्यावरच्या मुलींचा खर्च सरकार करतं. फक्त वडिलांची किंवा नाईकाची सही हवी. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच जाऊन सांगा ना. ते म्हणाले, "मी साहेब होऊन गेलो तर ते समोर हो म्हणतील आणि मनातून नाही म्हणतील. त्यांचं त्यांना वाटू दे."

कसं वाटायचं त्यांना, जमनी? शेवटचं प्रकरण पाठवते आहे. मांडव घातलाय, राजपुत्र घोड्यावरून उतरलाय, तरलिकेला विचारलंय, 'माझ्याशी लग्न करतेस?' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे हातच चालेना. तिने हो म्हणावं असं मला लिहवत नाही, आणि नाही म्हणाली तर काकांना दिलेला शब्द मोडतो.

शेवट तू कर.

रजनी


तांडा
८ मार्च १९६२

रजनीले रामराम.

घाईत लिहून राह्यली, म्हणून अक्षर असं हाय.

शेवटचं प्रकरण वाचाच्या दिवशी सकाळी दादी माह्ये केस विंचरत होती. मधातच म्हणे, "छोरी, मी भाकर मागतली, अन् लगेच परीले भाकर भेटली. छापलेलं पुस्तक कधी माह्यं ऐकते का वं?"

मी मान वळवली. "तुले मालूम होतं? मंग बोलली काहून नाई?"

"बोलली असती तं तुह्यं लगन झालं असतं." अन् वेणी एवढी कसून घातली का माह्ये डोळे वर चढले. "आज जे सांगशीन थे मोठ्यानं सांग. माह्या मांगं बसते त्याईले बी ऐकू गेलं पायजे."

दुपारी सारा तांडा. आर्णीचे पाहुणे बाजेवर. काका एकदम पुढं, हात बांधून. मी मांडवापर्यंत तुह्यं वाचलं. राजपुत्रानं इचारलं. मी पान पलटवलं. तठी तुह्यं काहीच नव्हतं. मी कोऱ्या पानावर बोट ठेवलं. काकाचे डोळे माह्यावरच.

मी म्हटलं, "तरलिका म्हणते, तुमचा घोडा चांगला हाय, तुम्ही बी चांगले हा. पण माह्ये पंख अजून घागरीत हायेत. सातवी चावी कोठी हाय थे एका पोथीत लिहलं हाय, अन् थे पोथी वाचाले मले आणखी शिकाव लागते. लगनाचं मंग पाहू. पुढील हकिकत भाग तिसऱ्यात."

बापा! जो गलका झाला! भुरीबाई उठून उभी राह्यली. दादी सगळ्यात मोठ्यानं ओरडली, जशी काई तिले काहीच मालूम नाई. "कोठी हाय भाग तिसरा?"

"यवतमाळले," मी म्हटलं. "पण तो कठीण मराठीत हाय. आठवी झाल्याबिगर वाचता येत नाई."

बाबुलालचा बाप काकाकडं वळला. "नाईक, तुम्ही गेलते ना दुकानात? खरं हाय का हे?"

रजनी, एक शबद, अन् सगळं संपलं असतं. काकानं पागोटं काढलं, झटकलं, परत बांधलं. एवढं हळू बांधलं का मले वाटलं आता होळीच येते. मंग म्हणे, "दुकानदार म्हणे, भाग तिसरा अजून निंघाला नाई."

खरं हाय ना? खोटं काय हाय त्यात?

"अन् निंघाला तं यवतमाळलेच निंघंन," काका म्हणे.

"म्हणजे आम्ही किती वाट पाहाची?" बाबुलालचा बाप तापला.

तं मांगून बाबुलाल म्हणे, "बापू, तिले सातवी चावी तं भेटू द्या." सगळे हासले. त्याच्या बापानं त्याले डोक्यावर एक ठेवून देल्ली, पण मंग त्याले बी हासू आवरलं नाई. तरी जाताना म्हणाले, आम्ही दुसरी पोरगी पाहू. काका म्हणे, "पाहा. शबद मी देल्ला होता, बोलणं बी मीच खाईन." अन् खाल्लं बी. ते लय बोलले. काकानं मान वर केली नाई.

पाहुणे गेल्यावर काकानं मले एवढं झापलं का सांगता सोय नाई. लबाड म्हटलं, नाईकाची इज्जत काढली म्हटलं, बकरीचं बी काढलं. मी रडता रडता वसतिगृहाचं, सहीचं सांगून टाकलं. मंग तो थोडा वेळ उगाच अंगणात हिंडला, अन् म्हणे, "मास्तरसाहेबाले लिही. सही कोठी कराची हाय?"

तुही जमनी


यवतमाळ
१४ मार्च १९६२

प्रिय जमनी,

कार्ड लहान आहे, आनंद मावत नाही. बाबा सहीचा कागद घेऊन स्वतः येताहेत. मी पण येते. दादीने त्या दिवशी वेणी घातली तशी माझी घालणार नाही असं आधी कबूल करून घे.

रजनी


तांडा
२९ जुलै १९६२

जमनीले काकाचा आशीर्वाद. रजनीबाईले रामराम.

हे मी माह्या हातानं लिहून राह्यलो. वेळ लागते. हासू नका.

पेरणी झाली. निंदण चालू हाय. याडी, बाप, सगळे बरे हायेत. आर्णीच्या बाबुलालची सगाई दुसरीकडं झाली, मले बोलावणं आलतं, मी जाऊन आलो. नीट बोलले.

तू गेली अन् दुपारी बाया कडुलिंबाखाली येऊन बसू लागल्या. वाचाले कोणी नाई. दादी म्हणे, "पोट्टी तू पाठवली, आता तू वाच." मी भाग पह्यला पुन्हा सुरू केला. बोट लावून वाचतो. एक ओळ होईपर्यंत दादी थांबत नाई. पुढचं आपल्याच मनानं सांगून टाकते. काल तिनं तरलिकेले आर्णीच्या बाजारात नेलं, बांगड्या भरल्या. कालजंभाले आमच्या गोठ्यात शेण काढाले लावलं. मी म्हटलं, असं पुस्तकात नाई. दादी म्हणे, "तू वाचत राह्य, आम्ही ऐकतो." पण माह्याकडं कोणीच पाहत नाई.

तू मन लावून शिक. वसतिगृहात पोटभर जेवत जा. मास्तरसाहेबाच्या घरी जास्त दंगा करू नको.

तुम्ही दोघी भाग तिसरा लिहून राह्यल्या असं भुरीबाईले कळलं. तं त्यात एक नाईक टाकजा. पागोटंवाला. त्याचं काम लहान असलं तरी चालते. पण त्याले भाकरीनं मार खाऊ देजा नको.

भावसिंग नाईक